पहिला डाग

काशीने तांबोशीचं शेपूट पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, मांडीखालून खवले काढायचं काहीतरी ओढलं आणि खर्र खर्र सुरू केलं, तेव्हा सगुणा नागवेकर घरात आमसुलं किती उरलीत ते आठवत बाजारात तिच्यासमोर उभी होती. खवले उडत होते. एक तिच्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसला. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि मग तिला काशीच्या हातातलं ते दिसलं. वीतभर लांबीची तपकिरी पाटी. एका अंगाला हिरवट पडलेल्या तांब्याच्या रेघा, रेघांवर ओळीने रुपेरी टिंबं, आणि प्रत्येक टिंबातून कापलेल्या तारेचं बोथट टोक वर आलेलं. त्या टोकांखाली तांबोशीचे खवले अगदी शहाण्यासारखे सुटून येत होते. टीव्हीच्या पोटातला बोर्ड होता तो. मिरजोळ्याच्या कारखान्यातल्या दीपस्तंभ टीव्हीचा.

"हे काय गं, काशी?"

"खवलं काढायचा." काशीने मान वर केली नाही.

"अगं, बोर्ड आहे हा."

"व्हय, माझाच. कंपनीच्या मागं ढीग टाकलेला ना, त्यातनं उचलला. कोयत्यापरीस बरा, बाई. कातडं फाटत नाय, खवलं तेवढं येतं." मग शेजारच्या टोपल्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "ह्या सगळ्याजणी मागतायत मला. म्हटलं, कंपनी बंद झाली, आता माल यायचा नाय."

अख्खी रांग हसली. सगुणाला हसू आलं नाही. तिची नजर त्या टिंबांवरून सुटेना. गोल, आटोपशीर, मोत्यासारखे डाग. कथील वितळवून तार बोर्डाला जोडायची, त्याला कारखान्यात डाग देणं म्हणत. काशी डाग द्यायची तेव्हा ओठ दुमडून घ्यायची आणि श्वास धरायची, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरून माशी उचलते आहे. त्या श्वासातून झालेली ती टिंबं आता माशाच्या कातड्यावरून उलटसुलट फिरत होती, आणि काशीला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान तिच्या तोंडावर तरी तसं काही नव्हतं. वाटत होतं ते सगळं सगुणालाच, आणि तेही आज, नेमकं इस्त्रीचं पातळ नेसून कारखान्याच्या शेवडेसाहेबांच्या पूजेला निघालेलं असताना.

"पातळ झ्याक हाय," काशी म्हणाली. "शेवडे सायबाकडंच ना? माझी आये पण जाणाराय, आमच्या धाकल्या चिमीला घेऊन. चिमी तर कालपासनं नाचतेय, मी कॉम्प्युटर शिकणार म्हणून. आयेनं सांगितलंन हाय, बाई व्हय म्हनल्या तर आपण पण व्हय. बाई नाय म्हनल्या तर घरी. मासलीच्या पाटीवाल्या सगळ्याच येणारायत पोरींना घेऊन, बाई काय म्हनतात बघायला." तिने मासा कापला, कागदात बांधला. "हा मी ठेवते. येताना न्या. पूजेला कोण मासली घेऊन जातं?"

"दे इकडं."

"आवो, पूजा हाय."

"पूजा त्यांची आहे. मासा माझा आहे," असं म्हणून सगुणाने पुडकं रेक्झिनच्या पिशवीत टाकलं आणि ती चालू लागली.

घरातून निघताना ती 'व्हय' म्हणायला निघाली होती. हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. माळनाक्याचा चढ चढताना ते 'व्हय' तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, तर ते जागेवर नव्हतं. त्या जागी राग होता. सगुणाला राग येत नाही, अशी तिची गावात ख्याती होती. शिवणवर्गातल्या दोनतीन पिढ्यांनी तिच्या शांतपणाची उदाहरणं देऊन आपापल्या सुनांना छळलं होतं. त्यामुळे रागाचं नक्की काय करायचं असतं, तो कुठल्या हातात धरायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. उद्यापासून शिमगा. होळीभोवती पोरं ज्या शिव्या घालतात त्या तिने जन्मभर खिडकी लावून घेऊन ऐकल्या होत्या, आणि आता त्या एकामागून एक, चालीसकट तोंडाशी येत होत्या. देवळाजवळ ओळखीचे गोगटे मास्तर भेटले, "काय सगुणाबाई, बऱ्या ना?" म्हणाले, आणि तिने "बरी आहे हो" म्हटलं ते एका अस्सल शिवीच्या अलीकडे जेमतेम थांबून.

हरिहर शेवडे तिच्या शिवणवर्गात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या खिशात दोन पेनं आणि तोंडात एक वाक्य होतं: जी बारीक टाका घालू शकते ती डाग देऊ शकते. आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा, मुंबईला इंजिनिअर झालेला, परत आलेला. मुंबईहून परत येणारा माणूस म्हणजे एक तर आजारी नाही तर शहाणा, असा तेव्हा समज होता. शेवडे आजारी दिसत नव्हते. सगुणाने पहिल्यांदा डागाची कांडी हातात धरली, राळेचा धूर नाकात गेला, देवळातल्या धुपासारखा आणि जळक्या केसांसारखा एकदमच, आणि कथील वितळून तारेभोवती पाण्यासारखं पसरलं न् चमकून गोठलं, तेव्हा तिला एवढं सुख झालं की तिने लाजून इकडे तिकडे पाहिलं. त्या सुखापायी ती घरोघर फिरली. वाड्यावाड्यांतून, होड्यांच्या आडोशाने, काजूच्या बागांतून. हातात हळदीकुंकू आणि नारळ. मुलीच्या आईची ओटी भरायची आणि सांगायचं, तुझी मुलगी माझ्याबरोबर जाईल, माझ्याबरोबर येईल, माझा शब्द. साहेब गाडीत बसून राहायचे. त्यांना बघितलं की बायका आत जायच्या. सगुणाला बघितलं की बाहेर यायच्या.

काशीची आई तुळसा तेवढी उलटतपासणी घ्यायची. "ह्या पेटीत दिसतं काय?" सगुणाने खरं सांगितलं, इथं अजून काही दिसत नाही, मुंबईला दिसतं. "मग आपल्या गावाला दिसत नाय ती वस्तू आपल्या पोरींनी करायची?" त्यावर सगुणाने म्हटलं होतं, पुढे दिसेल. आणि खरोखरच पहिली काही वर्षं त्या पोरींनी टीव्ही केले ते टीव्ही न बघता. एक यंत्र होतं, ते पडद्यावर उभे पट्टे पाठवायचं. पट्टे सरळ आले की सेट चांगला. मुलींची टीव्हीविषयीची कल्पना अशी झाली की मुंबईची माणसं संध्याकाळी कामावरून येतात आणि कुटुंबासह पट्टे बघतात. सेट बांधायचे ते शेवड्यांच्याच आंब्याच्या पेट्यांत, भाताचा पेंढा भरून. काचेला पेंढ्यासारखी गादी नाही. एकदा पेंढ्यात चुकून चार हापूस गेले. कोल्हापूरचा व्यापारी इतका खूश झाला की त्याने पुढच्या मालात आंबे का नाहीत म्हणून तक्रार केली. मग हंगामात प्रत्येक सेटला चार आंबे, असा शिरस्ताच पडला, आणि आंब्यांमागोमाग मुंग्या सेटच्या मागच्या भोकांतून आत जाऊन राहू लागल्या. ह्या गोष्टीवर त्या सगळ्याजणी डबा खाताना किती हसल्या होत्या. सगुणाला चढावर मध्येच थांबावं लागलं. हसण्याची आठवण रागाला मारक असते म्हणावं, तर तसं होत नव्हतं. राग त्या हसण्यावर पोसल्यासारखा अंगाला लागत होता.

आणि पहिला डाग. तो शिरस्ता सगुणाचा. सकाळी प्रत्येक मुलीपुढे पहिला बोर्ड आला की त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला पहिला डाग बाई द्यायच्या. बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी होते तशी. मुली कांडी तापवून, हात मांडीवर ठेवून वाट पाहत. सगुणा रांगेतून जायची, प्रत्येकीच्या खांद्यावरून वाकायची, एक टिंब ठेवायची. तेलाचा, मोगऱ्याचा, घामाचा वास. बाईंचा डाग पडल्याशिवाय एकही हात हलायचा नाही. शेवडे एकदा म्हणाले होते, ह्यात वेळ जातो. सगुणा म्हणाली होती, जाऊ दे. तिने त्या माणसाला नकार दिल्याची ही एकच आठवण होती.

मग गावात टॉवर उभा राहिला, पट्ट्यांच्या जागी माणसं आली आणि दोन वर्षं दीपस्तंभ टीव्ही बागेतल्या आंब्यासारखा विकला गेला. दुकानांत रांगा. मुलींना मागण्या येऊ लागल्या. 'कंपनीतली मुलगी' ही एक जात झाली, पत्रिकेत न बसणारी पण सगळ्या पत्रिकांना चालणारी. काशीचं लग्न ठरलं ते त्याच्यावर. मुलगा मुंबईला गोदीत होता आणि त्याच्या आईने हुंड्याऐवजी कंपनीचं नाव विचारलं होतं. पाठोपाठ रंगीत टीव्ही आले. मोठ्या कंपन्या, चकचकीत जाहिराती, दिल्लीला कुठले तरी नियम इकडचे तिकडे झाले. शेवड्यांच्या खिशातली पेनं तीच राहिली, तोंडातलं वाक्य बदललं: काळ बदलतोय, बाई. हे वाक्य ते फार हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं बोलत. सगुणाला वाटायचं, बदलतो आहे तर बदलू दे, आपणही रंगीत शिकू. लाल, हिरवा, निळा. शिवणवर्गात ती रेशमाच्या बावीस छटा ओळखत होती. तीन तिला जड नव्हत्या.

गणपतीची सुट्टी लागली. कोकणात गणपतीला कारखाना चालू ठेवायचा म्हणजे यंत्रांनीच आरती करायला हवी, सगळे घरी. सुट्टी संपल्यावर मुली आल्या, नव्या बांगड्या घालून, साहेबांसाठी डब्यांत करंज्या घेऊन. फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी हरिश्चंद्र स्टुलावर बसून कुलपाकडे पाहत होता, जणू ते चोरीला जाऊ नये म्हणून त्याला ठेवलं आहे. "मशिनी गेल्या," तो म्हणाला. "विसर्जनाच्या दिवशी ट्रक आला. ढोल वाजत होते, सगळे समुद्रावर. मला वाटलं, ही पण मिरवणूकच." मुली सगुणाकडे बघू लागल्या. भवानीची वाट बघायच्या तशा. तिने काय केलं? तिने कुलूप हलवून पाहिलं. ते हलवल्याचा आवाज तिच्या कानात अजून होता, आणि तो आठवला की तिला आपल्याच हाताला चावावंसं वाटे. काशीच्या होणाऱ्या सासरच्यांनी पंधरवड्यात नारळ परत पाठवला. तुळसा भांडायला आली नाही. रस्त्यात भेटली की टोपली डोक्यावर सावरायचं निमित्त करून मान दुसरीकडे वळवायची. ती भांडली असती तर सगुणाला बरं वाटलं असतं.

दीड वर्षाने, परवा, शेवडे तिच्या घरी आले. चपला काढून, खाली बसून, तिच्या आईच्या हातचा चहा प्याले. आता कॉम्प्युटर, म्हणाले. मुंबईच्या कंपन्यांची माहिती इथे बसून आत भरायची, मुलींची बोटं चालायला हवीत, मुलींवर नजर ठेवायला तुम्ही हव्यात. काळाच्या पुढे राहावं लागतं, बाई. सगुणाच्या मनात आलं, हा काळ म्हणून जो कोणी आहे तो रत्नागिरीला नेहमी सणासुदीलाच कसा येतो, आणि खिशात कुलूप घेऊनच कसा येतो. पण तिची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली होती. आईने परस्पर सांगून टाकलं, "येईल हो. घरात बसून बसून पांढरी पडल्ये ती." आणि दोन रात्री सगुणाने ते हलणं ऐकत काढल्या. पुन्हा रांग, पुन्हा वाकणं, पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावरचा मोगरा. तिला ते हवं होतं. काशीच्या हातात तो बोर्ड दिसेपर्यंत तिला ते इतकं हवं होतं की त्यापुढे कुलूप, करंज्या, तुळसाची वळलेली मान, सगळं तिने धुऊन वाळत घातलं होतं.

'एकविसावे शतक संगणक केंद्र' अशी पाटी होती. खाली जिन्यापाशी चपलांचा ढीग. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून देवळासारखं अनवाणी आत. खोली इतकी थंड की आयांनी मुलींना पदराखाली घेतलं होतं. खिडक्या कागद चिकटवून बंद. मधोमध टेबलावर ते यंत्र, हार घातलेलं, आणि कुंकवाचा टिळा नेमका काचेवर लावल्यामुळे जखमी दिसणारं. "टीव्हीच तो," तुळसा कुणाला तरी म्हणत होती. "जुनाच, रंग पण नाय." सगुणाला पाहिल्यावर तिची मान या वेळी वळली नाही. ती सरळ सगुणाकडे बघत राहिली. सगळ्याजणी बघत राहिल्या. चिमा त्यांच्या पुढे उभी होती, दोन वेण्या, नवी रिबन, काशीसारखेच ओठ दुमडलेले.

"या या बाई, तुमचीच वाट," शेवडे म्हणाले. "पिशवी तिकडे टेबलाखाली ठेवा. गुरवांना घाई आहे, देवळात पालखीचं बघायचंय. आम्हीही पूजा झाली की बंद, एकदम शिमग्यानंतर उघडणार. एसी बंद, खोली सीलबंद, धूळ नको." सगुणाने पिशवी टेबलाखाली सरकवली. थंडीत मासा गप्प होता.

आत्माराम गुरव दातावर दात आपटत उभा राहिला. हातात नारळ, अंगात फक्त उपरणं. दीपस्तंभच्या वेळी गाऱ्हाणं त्यानेच घातलं होतं, उघड्या माळावर, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' असा जो गजर झाला होता त्यात सगळ्यांत वरचा आवाज सगुणाचा होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान ही जी काय नवी पेटी मांडलीन हाय, ती सुखरूप चालू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोनचार आवाज आले.

"हिच्यात जे काय भरतील ते परत भायेर येऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या ज्या पोरी ह्याच्या भरवशावर उंबरा ओलांडतील, त्यांची राखण कर म्हाराजा!"

आत्माराम थांबला. गाऱ्हाण्यात माणसांचा होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, देवालाही नाही. एसी घुरघुरत होता. सगळ्या बायका सगुणाच्या तोंडाकडे पाहत होत्या आणि सगुणाच्या घशात ते दोन शब्द येऊन उभे होते, सवयीचे, गुळगुळीत. नुसतं तोंड उघडलं असतं तरी पडले असते. तिने तोंड मिटून धरलं. दाढा दुखेपर्यंत.

"व्हय महाराजा," शेवडे एकटेच म्हणाले, शहरी उच्चाराने. आणि मग हळू, "बाई, म्हणा ना."

"मागच्या वेळी म्हटलं होतं."

"तो काळ वेगळा होता. त्यात कुणाचा दोष—"

"काळाने ट्रक आणला नव्हता. तुम्ही आणलात. विसर्जनाच्या दिवशी."

शेवड्यांनी चष्मा काढला. आश्चर्य म्हणजे त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. "आधी सांगितलं असतं तर मुली रडल्या असत्या. मला तुमचे चेहरे बघवले नसते, बाई."

"म्हणून आम्हांला कुलपाचा चेहरा दाखवलात?" तिचा आवाज चढला होता, फाटला होता, तिने तो याआधी कधी ऐकला नव्हता. "आता सांगा. ह्यांच्यासमोर सांगा. उद्या तुमचा काळ बदलला तर आधी ह्यांना सांगाल? दिवसाउजेडी, तोंडावर?"

"अर्थात," शेवडे म्हणाले. मग प्रामाणिक माणसासारखे थांबले. "म्हणजे, ते मुंबईच्या पार्टीवर आहे."

तुळसाने चिमाचा हात धरला. "चल गो."

"मला यायचं होतं," चिमा सगुणाला म्हणाली. "तुमी नुसतं व्हय म्हणायचं होतं." ती रडत नव्हती, तिच्या डोळ्यांत निव्वळ संताप होता, आणि तो शेवड्यांवर नव्हता. बायका उठल्या, चपलांच्या ढिगात आपापली जोडी शोधू लागल्या, आणि आत्माराम गुरव नारळ घेऊन तसाच उभा राहिला, अर्ध्यावर सोडलेल्या देवापुढे.

उतारावर ऊन होतं. रागाने हातात काही दिलं असेल असं वाटून तिने पाहिलं, तर हात रिकामे होते. पिशवीही नव्हती. ती थांबली. टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला, तारांच्या मागे. परत जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. वरून शटर ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. सगुणाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि ती बाजाराकडे वळली. आईला काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. निदान मासा तरी न्यायला हवा होता.

काशीच्या टोपलीत एकच तांबोशी उरली होती. "चिमी येऊन गेली," काशी म्हणाली. "तणतणत होती तुमच्या नावानं. आये म्हनली, बाईंचं बरोबर. मी काय कुणाचं ऐकलं नाय." मग तिने सगुणाच्या हाताकडे पाहिलं. "मासा कुठाय?"

"तिथंच राहिला. टेबलाखाली."

काशीचा हात थांबला. "थंड खोलीत?"

"थंडी बंद केली त्यांनी. खिडक्याही. शिमगा होईपर्यंत."

मग ती हसायला लागली, टोपलीवर ओणवी होऊन, डबा खाताना हसायची तशी. शेजारच्या बायका काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागल्या. सगुणा हसली नाही. ती इस्त्रीचं पातळ सावरून ओल्या फरशीवर काशीच्या शेजारी बसली.

"दे तो बोर्ड. मी काढते."

"आवो, पातळ—"

"दे म्हणते ना."

तिने उरलेली तांबोशी ओढली आणि बोर्ड चालवला. खरंच बरा होता. कातडं फाटत नव्हतं. ती जोराने, फार जोराने घासत राहिली, खवले तोंडावर उडत होते, आणि अंगठ्याखाली एकेक टिंब लागत होतं, गोल, घट्ट, दीड वर्ष खारं पाणी पिऊनही न हललेलं. मग वरच्या कोपऱ्यात एक हललं. तिने नखाने दाबलं. तारेचं टोक टिंबासकट सुटून तिच्या बोटावर आलं.

"हा कोरडाच राहिलेला गं," ती म्हणाली. "धरलाच नव्हता नीट."

काशीने वाकून पाहिलं. बोर्ड तिच्या हातात वळवून डावा कोपरा दाखवला.

"तो माझा नाय, बाई," ती म्हणाली. "तो पयला. तुमचा."